स्वस्त फोन नेमका कुठे अडखळतो?

पुण्यात पीएमपीच्या बसमध्ये कंडक्टर तिकिटाच्या पैशांसाठी क्यूआर कोड पुढे धरतो. एक प्रवासी फोन काढतो, स्कॅन करतो, तिकीट घेऊन मोकळा होतो. शेजारच्यानेही त्याच क्षणी फोन काढलेला असतो, पण त्याच्या स्क्रीनवर ॲपचा लोगो ठाण मांडून बसलेला. लोगो जातो तर कॅमेऱ्याची चौकट काळीच. ‘होऊ द्या तुमचं निवांत, येतो मी,’ म्हणत कंडक्टर पुढे सरकतो. नेटवर्क तेच, ॲप तेच, बँकही कदाचित तीच. फरक हातातल्या फोनचा: एक साठ-सत्तर हजारांचा, दुसरा नऊ-दहा हजारांचा.

किमतीत एवढा फरक असल्यावर कामातही फरक पडणार, हे कुणीही मान्य करेल. कोडं वेगळंच आहे. दोन्ही फोनची खोकी शेजारी ठेवून आकडे वाचले तर ते काही फार लांबचे वाटत नाहीत. आठ कोअर इथेही, आठ तिथेही. इकडे सहा-आठ जीबी रॅम, तिकडे बारा. स्क्रीन दोन्हीकडे १२० हर्ट्झ. कॅमेऱ्याचे मेगापिक्सेल तर कधीकधी स्वस्त फोनलाच जास्त! मग बसमध्ये खोळंबा होतो तो कशामुळे?

२०२५च्या अखेरीपासून हा प्रश्न जरा जास्तच टोचू लागला आहे. एआयच्या डेटा सेंटरांकडून मेमरी चिपना इतकी मागणी आली की सॅमसंग, एसके हायनिक्स, मायक्रॉन या बड्या उत्पादकांनी आपली बरीच ताकद तिकडे वळवली आणि फोन-लॅपटॉपच्या मेमरीचे भाव चढले. मायक्रॉनने तर डिसेंबर २०२५मध्ये ग्राहकांसाठीचा ‘क्रुशल’ हा आपला धंदाच आवरता घेत असल्याचं जाहीर केलं. महागड्या फोनमध्ये ही वाढ पचून जाते. दहा हजारांच्या फोनमध्ये मेमरीचा वाटा एकूण खर्चात मोठा असतो. तिथे एक तर किंमत वाढते, नाहीतर कुठेतरी कात्री लागते. ही कात्री कुठे लागते आणि आपल्या बोटाला ती कशी जाणवते, ते पाहू.

वेग निराळा, सुरळीत चालणं निराळं

फोनच्या स्क्रीनवर आपल्याला जी हालचाल दिसते ती खरं तर एकामागून एक येणारी स्थिर चित्रं असतात. साध्या ६० हर्ट्झच्या स्क्रीनवर सेकंदाला साठ. म्हणजे एक चित्र तयार करायला फोनच्या हाती साधारण १६.७ मिलीसेकंद, मिलीसेकंद म्हणजे सेकंदाचा हजारावा भाग. तेवढ्या वेळात बोट कुठे आहे ते ओळखायचं, यादी किती सरकवायची ते ठरवायचं, मजकूर आणि फोटो जागेवर बसवायचे, रंगवायचे आणि स्क्रीनच्या हवाली करायचे. वेळेत जमलं तर उत्तम. अठराव्या मिलीसेकंदाला जमलं तर गाडी चुकली. स्क्रीन आधीचंच चित्र पुन्हा दाखवते. एखादं चुकलेलं कळतही नाही. लागोपाठ पाच-सहा चुकली की डोळ्याला हिसका बसतो. आपण ‘फोन लॅग मारतोय’ म्हणतो ते हेच.

गणपतीच्या आधी महिना-दोन महिने नदीपात्रात ढोल-ताशा पथकांचा सराव चालतो. तो ऐकणारा कुणी पथकाची सरासरी गती मोजत नाही. हजार ठोके चोख पडले आणि एक घसरला, तर कान नेमका तो एकच टिपतो. फोनच्या बाबतीत डोळ्याचं तसंच आहे. सरासरीत फोन किती वेगवान, याला फारसं महत्त्व नाही. ठोका किती वेळा चुकतो, याला आहे.

महागडा फोन आणि स्वस्त फोन यांतला खरा फरक इथे आहे. समजा, ६० हर्ट्झवर व्हॉट्सॲपची यादी सरकवताना एक चित्र बनवायला महागड्या फोनला पाच मिलीसेकंद लागतात आणि स्वस्त फोनला तेरा. दोन्ही वेळेत. दुकानात हातात घेऊन पाहिलं तर दोन्ही सारखेच गुळगुळीत वाटतील. पण त्याच वेळी मागे एखादं ॲप अपडेट व्हायला लागलं, ईमेल आली, कुणी व्हिडिओ पाठवला आणि कामाचा बोजा दीडपट झाला, तर पाचाचे साडेसात होतात आणि तेराचे साडेएकोणीस. पहिल्याला काहीच जाणवत नाही. दुसऱ्याचा ठोका चुकतो. जास्तीचे पैसे मोजून आपण घेतो ती मुख्यतः ही शिल्लक ताकद. ती एरवी पडूनच असते, म्हणून खोक्यावरच्या कुठल्याही आकड्यात ती दिसत नाही.

आता त्या १२० हर्ट्झकडे बघा. सेकंदाला १२० चित्रं म्हणजे प्रत्येकाला फक्त ८.३ मिलीसेकंद. स्क्रीनचा हा आकडा जाहिरातीत छान दिसतो, त्यामुळे तो स्वस्त फोनमध्येही आला. काम करणारी चिप मात्र तीच. तेरा मिलीसेकंद लागणाऱ्या फोनला आठ मिलीसेकंदांची मुदत दिली तर काय होणार ते सांगायला नको.

‘पण माझ्या फोनलाही आठ कोअर आहेत!’

आहेत, शंकाच नाही. कोअर म्हणजे प्रोसेसरमधला प्रत्यक्ष आकडेमोड करणारा भाग, आणि सगळे कोअर एका ताकदीचे नसतात. फोनसाठीच्या बहुतेक कोअरचे आराखडे ब्रिटनमधली आर्म ही कंपनी तयार करते. तिच्याकडे बॅटरी वाचवणारे छोटे कोअर आहेत आणि दणकट कामं उरकणारे मोठे कोअर आहेत. मीडियाटेकच्या हेलिओ जी३५ या स्वस्त फोनांतल्या चिपमध्ये आठही कोअर कॉर्टेक्स ए५३ या छोट्या जातीचे. या कोअरचा आराखडा आर्मने २०१२मध्ये जाहीर केला होता. त्यापेक्षा बऱ्या हेलिओ जी९९मध्ये दोन मोठे ए७६ आणि सहा छोटे ए५५. उलट क्वालकॉमच्या स्नॅपड्रॅगन ८ एलिटमध्ये आठपैकी छोटा एकही नाही. तिन्ही चिपच्या खोक्यावर छापलं जातं एकच: ‘ऑक्टाकोअर’.

छोटा कोअर मागे पडतो त्याचं कारण समजायला अवघड नाही. ए५३ किंवा ए५५ हे कोअर सूचना ज्या क्रमाने येतात त्याच क्रमाने पार पाडतात. एखाद्या सूचनेला लागणारी माहिती मेमरीतून यायची असेल तर ती येईपर्यंत मागच्या सूचनाही खोळंबतात, मग त्यांचा त्या माहितीशी संबंध असो वा नसो. मोठा कोअर पुढच्या सूचना आधीच चाळून ठेवतो आणि ज्या अडलेल्या नाहीत त्या उरकून टाकतो. म्हणून दोन्हींवर २ गिगाहर्ट्झ हा एकच वेग लिहिलेला असला तरी तेवढ्याच वेळात होणारं काम दुपटी-तिपटीने वेगळं असू शकतं.

आणि आठ कोअर सगळे एकदम कामाला लागतात, हाही एक गोड गैरसमज. बहुतेक ॲपमध्ये बोटाला प्रतिसाद देण्याचं, स्क्रीनवर काय कुठे बसेल ते ठरवण्याचं काम एकाच धाग्यावर, म्हणजे एकामागून एक उरकायच्या कामांच्या एकाच रांगेत चालतं. तो धागा एका वेळी एकाच कोअरवर बसतो. तिथला कोअर मंद असेल तर उरलेले सात रिकामे बसून काही उपयोग नाही. म्हणूनच २०१७च्या ए११ चिपपासून आयफोनमध्ये सहाच कोअर असूनही त्यांचं काही अडलेलं दिसत नाही. ॲपलने भर दिला तो एकेका कोअरच्या ताकदीवर.

खोक्यावर न छापलेली गोष्ट

माझ्या मते स्वस्त फोनचा सगळ्यात मोठा घात करणारा भाग प्रोसेसर नाही, स्टोरेज आहे. आणि नेमकी याचीच चर्चा कुणी करत नाही. दुकानदार ‘१२८ जीबी आहे साहेब’ एवढंच सांगतो. किती आहे ते सांगतो, कुठल्या जातीचं आहे ते नाही.

बसमधल्या त्या यूपीआय ॲपवर बोट टेकल्यावर आत काय होतं ते जरा जवळून पाहू. ॲप आधीपासून रॅममध्ये जागं नसेल तर त्याचा कोड स्टोरेजमधून वाचावा लागतो. हा एकच मोठा तुकडा नसतो. शेकडो लहान तुकडे वेगवेगळ्या ठिकाणांहून गोळा करायचे असतात. मग ॲप आपला छोटा डेटाबेस उघडतं: तुमची खाती, अलीकडचे व्यवहार, ज्यांना पैसे पाठवले त्यांची नावं. फोन तोच आहे ना, सिमकार्ड तेच आहे ना, याची तपासणी होते. त्यात जाहिरातींच्या पट्ट्या, कॅशबॅकचे फुगे, सणाचं सजवलेलं मुखपृष्ठ. यातलं आपण काहीच मागितलेलं नसतं. मग कॅमेरा जागा होतो. यातली बरीचशी पावलं स्टोरेजकडे काही ना काही मागतात, आणि उत्तर येईपर्यंत पुढचं पाऊल पडत नाही.

स्वस्त फोनांत अजूनही ईएमएमसी नावाचं जुन्या पद्धतीचं स्टोरेज सापडतं. त्याची शेवटची मोठी सुधारणा, ५.१ ही आवृत्ती, २०१५ची. त्यातून सलग वाचन होतं सेकंदाला साधारण अडीचशे-तीनशे एमबी. महागड्या अँड्रॉइड फोनांत असतं यूएफएस. त्याची ४.० ही आवृत्ती सेकंदाला ४,२०० एमबीपर्यंत वाचू शकते. हा फरक मोठा आहेच, पण रोजच्या वापरात त्याहून जाचक ठरते ती दुसरी गोष्ट: ईएमएमसी एका वेळी एक तर वाचतं, नाहीतर लिहितं. यूएफएस दोन्ही एकदम करतं, शिवाय अनेक मागण्या हाती घेऊन सोयीच्या क्रमाने पुऱ्या करतं. म्हणजे स्वस्त फोनवर मागे प्ले स्टोअर एखादं ॲप लिहून काढत असेल, आणि त्याच वेळी तुम्ही दुसरं ॲप उघडलंत, तर तुमच्या वाचनाला थांबावं लागतं. ‘कधी मस्त चालतो, कधी मध्येच दगडासारखा बसतो’ ही जी तक्रार असते, तिचं मूळ बहुतेक वेळा इथे.

सॅमसंगने गॅलेक्सी एस६मध्ये यूएफएस आणलं ते २०१५ साली. दहा वर्षं उलटली तरी सगळ्यात खालच्या पायरीवर ते अजून पुरतं पोचलेलं नाही. दोन जातींमधला फरक ग्राहकाला दिसत नाही, मग पैसे वाचवायला ही जागा सगळ्यात सोयीची.

आठ अधिक आठ बरोबर सोळा?

रॅम म्हणजे चालू कामाची मेमरी. फोन बंद केला की ती पुसली जाते. उघडी असलेली ॲप तिच्यात राहतात. चार जीबी रॅमच्या फोनमध्ये अँड्रॉइड स्वतः आणि कंपनीची आधीपासून भरलेली ॲप मिळूनच बरीच जागा खातात. उरलेल्या जागेत व्हॉट्सॲप, यूट्यूब, नकाशा आणि बँकेचं ॲप एकत्र मावत नाहीत. मग अँड्रॉइड सगळ्यात जुनं, मागे गेलेलं ॲप गुपचूप बंद करतं.

याचा अनुभव सगळ्यांना आहे. बँकेच्या ॲपमध्ये सगळा तपशील भरायचा, ओटीपी पाहायला मेसेजमध्ये जायचं, आकडा पाठ करत परत यायचं, आणि समोर काय? ॲप पुन्हा लॉगिन मागतंय. तुम्ही मेसेज वाचत होता तेवढ्यात फोनने ते बंद केलेलं असतं.

यावर कंपन्यांनी काढलेली युक्ती म्हणजे ‘व्हर्च्युअल रॅम’. आठ जीबी खरी, आठ जीबी स्टोरेजमधून उसनी, आणि फलकावर सोळा! स्वस्त फोनच्या रॅमचा वेगसुद्धा सेकंदाला दहा जीबीच्या पुढे असतो आणि ईएमएमसीचा अडीचशे-तीनशे एमबी, हे लक्षात घेतलं की या बेरजेचा फोलपणा कळतो. मागे पडलेलं एखादं ॲप तिथे ठेवायला तिचा थोडाफार उपयोग होतो, नाही असं नाही. पण आधीच अडलेल्या स्टोरेजवर आणखी वाचन-लेखन लादलं जातं. ईएमएमसीच्या फोनमध्ये मी तरी ती सोय बंद ठेवायला सांगेन.

उन्हात उभा असलेला फोन

चिप काम करते तेव्हा तापते, आणि ठरावीक मर्यादेपलीकडे तापली की स्वतःचा वेग कमी करते. पुण्यात एप्रिलमध्ये पारा चाळिशीला टेकतो, तेव्हा दुपारी बाणेर रस्त्यावर डिलिव्हरी करणाऱ्या मुलांचे फोन बघा. हँडलच्या स्टँडवर थेट उन्हात, स्क्रीनची चमक पूर्ण, जीपीएस चालू, नेट चालू, वर पॉवर बँकेची वायर. अशा वेळी नकाशा दोन पावलं मागे राहतो आणि वळण हुकल्यावर ‘डावीकडे वळा’ म्हणतो. पुष्कळदा त्यात नकाशाच्या ॲपचा दोष नसतो.

चिप किती तापेल हे ती कुठल्या तंत्राने बनली यावर ठरतं. स्नॅपड्रॅगन ८ एलिट ३ नॅनोमीटरच्या प्रक्रियेने बनते, हेलिओ जी९९ ६ नॅनोमीटरच्या, तर युनिसॉकची टी६०६ १२ नॅनोमीटरच्या. हा आकडा ढोबळमानाने जितका लहान, तितकं तेवढंच काम कमी विजेत आणि कमी उष्णतेत होतं. शिवाय महागड्या फोनांत उष्णता पसरवणारी वाफेची चपटी पेटी असते, स्वस्तात बहुतेकदा ग्रॅफाइटचा पातळ पापुद्रा.

पण महाग म्हणजे थंड, असंही समजू नका. २०१५च्या सुमाराला स्नॅपड्रॅगन ८१० ही त्या वेळची सगळ्यात महागडी चिप तापण्यासाठीच बदनाम झाली होती, आणि २०२२च्या फोनांतल्या स्नॅपड्रॅगन ८ जेन १बद्दलही तशीच ओरड होती.

कमी किमतीची भरपाई कोण करतं?

एप्रिल २०१८मध्ये शाओमीचे प्रमुख ले जुन यांनी जाहीर केलं की कंपनी हार्डवेअरवर निव्वळ नफा कधीही ५ टक्क्यांहून जास्त घेणार नाही. ग्राहकांनी टाळ्या वाजवल्या. पण कंपनीला पैसे तर मिळवायचेच असतात. ते मिळतात जाहिराती, स्वतःची ॲप दुकानं आणि इतर इंटरनेट सेवांतून. एकट्या शाओमीचं नाही, स्वस्त फोनांच्या बाजारात हीच रीत आहे. फोन उघडतानाच वीस-पंचवीस ॲप आधीपासून बसलेली, लॉक स्क्रीनवर रोज नवं चित्र आणि बातमी, फाइल मॅनेजरमध्येसुद्धा जाहिरात. हे सगळं मागे नेट वापरतं, रॅम वापरतं, स्टोरेजवर लिहितं. म्हणजे ज्या फोनकडे शिल्लक ताकद सगळ्यात कमी, त्याच्याच गळ्यात सगळ्यात जास्त धोंडे.

दुसरी बाजू दिसत नाही ती मेहनतीची. एखादी कंपनी वर्षाला दोन-तीन महागडी मॉडेल काढते आणि त्यांच्यावर इंजिनिअरांची फौज महिनोन्‌महिने राबते: कुठला कोअर कधी जागा करायचा, बोट टेकताच वेग किती वाढवायचा, असं बारीक बारीक. त्याच कंपनीच्या डझनभर स्वस्त मॉडेलांच्या वाट्याला तेवढा वेळ येत नाही. त्यामुळे कधीकधी एकच चिप असलेले दोन फोन वेगळे चालतात.

आणि ॲप बनवणाऱ्यांना मी यातून मोकळं सोडणार नाही. त्यांच्या टेबलावर बहुधा चांगला फोन असतो. त्यावर सगळं झकास दिसतं. स्वतः गूगलच्या निकषांत ॲप शून्यापासून उघडायला ५ सेकंद किंवा जास्त लागले तर ते फार हळू मानलं जातं. पैसे देण्याच्या ॲपवर दिवाळीचे फटाके उडवण्याआधी ते नऊ हजारांच्या फोनवर एकदा उघडून पाहिलं तरी पुष्कळ फरक पडेल.

‘नवा होता तेव्हा तर मस्त चालायचा’

खरं आहे. नवा फोन रिकामा असतो. फ्लॅश स्टोरेजमध्ये जुन्या मजकुरावर थेट नवा मजकूर लिहिता येत नाही. आधी एक मोठा तुकडा पुसावा लागतो. मोकळी जागा भरपूर असली की फोन ही पुसापुशी फावल्या वेळात करतो. सोसायटीचा ग्रुप, शाळेचा ग्रुप, भिशीचा ग्रुप, रोजचे सुप्रभात आणि वाढदिवसांचे व्हिडिओ मिळून १२८पैकी १२० जीबी भरले, की पुसापुशी ऐन कामाच्या मध्ये करावी लागते आणि लिहिणं मंदावतं.

दरम्यान ॲपही फुगत जातात. दोन वर्षांपूर्वीचं ॲप आणि आजचं ॲप नावाने एकच, आतून बरंच जड. बॅटरीचंही वय होतं. जुनी बॅटरी ऐन गरजेच्या क्षणी लागणारी वीज एकदम देऊ शकत नाही. महागड्या फोनचंही हे सगळं होतं, पण त्याच्याकडे शिल्लक असल्यामुळे ते चार-पाच वर्षांनी जाणवतं. स्वस्त फोनला दीड वर्षात.

मग कंपन्या मुद्दाम फोन हळू करतात का?

हा संशय हवेतला नाही. डिसेंबर २०१७मध्ये ॲपलने मान्य केलं की बॅटरी जुनी झालेल्या काही आयफोनचा वेग अपडेटद्वारे कमी केला जात होता, फोन अचानक बंद पडू नये म्हणून. कारण तांत्रिकदृष्ट्या पटण्यासारखं होतं. ग्राहकांना न सांगणं पटण्यासारखं नव्हतं. फ्रान्सने २०२०मध्ये त्याबद्दल ॲपलला अडीच कोटी युरोंचा दंड केला. इटलीने २०१८मध्येच जुने फोन मंदावणाऱ्या अपडेटबद्दल ॲपल आणि सॅमसंग दोघांनाही दंड ठोठावला होता.

पण स्वस्त फोनच्या बाबतीत मुद्दाम काही करायची गरजच पडत नाही. तो पहिल्या दिवशीच काठावर असतो. अँड्रॉइडची नवी आवृत्ती थोडी जड आली, की गेला काठापलीकडे. म्हणून मला ‘सहा वर्षं अपडेट मिळणार’ या आश्वासनाचं कौतुक अर्धंच वाटतं. सुरक्षेच्या अपडेट मिळायलाच हव्यात, त्यात दुमत नाही; पण फोनमध्ये मुळात दम नसेल तर पाचव्या वर्षीची नवी आवृत्ती त्याला पेलवेल का, हे विचारायला हवं.

आहे त्या फोनचं काय करायचं?

शिल्लक ताकद विकत आणता येत नाही, पण तिच्यावरचा बोजा कमी करता येतो. सगळ्यात जास्त फरक पडतो तो जागा मोकळी करून. एकूण स्टोरेजचा पाचवा हिस्सा तरी रिकामा ठेवा आणि व्हॉट्सॲपच्या सेटिंगमध्ये फोटो-व्हिडिओ आपोआप उतरणं बंद करा. न लागणारी ॲप काढून टाका. निघत नसतील ती सेटिंगमधून निष्क्रिय करा. प्ले स्टोअरमध्ये आपोआप होणाऱ्या अपडेट बंद ठेवून त्या रात्री स्वतः केल्या तर दिवसा स्टोरेज मोकळं राहतं. १२० हर्ट्झवर फोन अडखळत असेल तर ६०वर आणा. हालचाल कमी गुळगुळीत दिसेल पण एकसारखी होईल, आणि डोळ्याला एकसारखीच जास्त सुखाची वाटते.

थोडं धाडस असेल तर ‘अबाउट फोन’मधल्या बिल्ड नंबरवर सात वेळा बोट टेका. डेव्हलपर पर्याय उघडतील. त्यात ॲनिमेशनचे तीन आकडे १वरून ०.५वर आणा. फोनची ताकद वाढत नाही, पण खिडक्या उघड-मिट होण्यात जाणारा वेळ निम्मा होतो.

आणि एक सवय सोडा. आपल्यापैकी कित्येक जण दर दहा मिनिटांनी अलीकडच्या ॲपची यादी उघडून सगळी वर सरकवून ‘साफ’ करतात. वाटतं, फोन हलका झाला. प्रत्यक्षात रॅममध्ये तयार असलेलं ॲप तुम्ही फेकून दिलेलं असतं, आणि पुढच्या वेळी तो सगळा कोड त्याच मंद स्टोरेजमधून पुन्हा आणावा लागतो. बसमध्ये चढायच्या आधी यूपीआय ॲप एकदा उघडून तसंच राहू द्यावं, हे त्याहून शहाणपणाचं. ‘क्लीनर’ आणि ‘बूस्टर’ नावाची ॲप तर घेऊच नका. त्यांच्याच जाहिराती फोनला पुरतात.

नवा घ्यायचा असेल तर

साठ हजारच खर्च करायला हवेत असं मुळीच नाही. दहा हजारांवरून पंधरा-वीस हजारांवर गेलं की जो फरक पडतो, तेवढा वीसवरून साठवर जाताना रोजच्या वापरात जाणवत नाही. वरचे पैसे बरेचसे कॅमेरा, काच, धातू आणि गेमिंगसाठी जातात. या मधल्या पट्ट्यात यूएफएस स्टोरेज आणि ए७८सारखे मोठे कोअर मिळू लागतात. मीडियाटेकच्या डायमेन्सिटी ७३००मध्ये असे चार आहेत.

बुधवार पेठेत तपकीर गल्लीत जा किंवा एखाद्या मॉलमध्ये, दुकानदाराला ‘रॅम किती’ याच्या आधी ‘स्टोरेज यूएफएस आहे का’ हे विचारा. त्याला माहीत नसेल तर कंपनीच्या संकेतस्थळावर पाहा. यूएफएस असलं की कंपनी ते आवर्जून लिहिते. काहीच लिहिलं नसेल तर ईएमएमसी समजून चाला. मग डेमोच्या फोनवर प्ले स्टोअरमधून दोन-तीन मोठी ॲप उतरवायला लावा आणि ती बसत असतानाच नकाशा उघडा, कॅमेरा उघडा, परत या. दुकानदार जरा कुरकुरेल. फोन रिकामा बसलेला असताना तर सगळेच चांगले चालतात.

दोन-तीन वर्षं जुना महागडा फोन वापरलेला घेणं हाही चांगला पर्याय आहे; दणकट कोअर आणि यूएफएस त्यात ठरलेलेच. फक्त दोन गोष्टी आधी तपासा: सुरक्षेच्या अपडेट किती काळ उरल्या आहेत, आणि बॅटरी बदलायला किती पैसे पडतील. पिक्सेल ८ आणि गॅलेक्सी एस२४ यांना बाजारात आल्यापासून सात वर्षं अपडेटचं आश्वासन आहे, त्याआधीच्या बहुतेक फोनना त्याहून कमी. बॅटरीचा खर्च मात्र विकणाऱ्याने सांगितलेला धरू नका, कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला फोन करून विचारा आणि तेवढी रक्कम किमतीतून पाडून मागा.